कर्नल नायडूंची कारकीर्द : एक परामर्श

खेळाडूच्या कारकीर्दीचा परामर्श वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकाने घ्यावा काय, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. काव्य, नाटक, कादंबरी यांचे गुणदोष सांगणे हे टीकाकाराचे काम. चेंडू आणि फळी यांचा हिशेब वर्तमानपत्रांनी ठेवावा, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात पूर्वापार चालत आलेला आहे. तथापि जी गोष्ट एका माणसाने सत्तेचाळीस वर्षे हजारो प्रेक्षकांसमोर केली, जिच्यात आरंभ, विकास, उत्कर्ष आणि अखेर असे स्पष्ट भाग पडतात, आणि जिच्याविषयी लोकांनी काही मते अगोदरच ठरवून टाकलेली आहेत, ती गोष्ट टीकेचा विषय होण्यास सर्वस्वी पात्र आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून कर्नल सी. के. नायडू यांच्या कारकीर्दीविषयी आमचा अभिप्राय आम्ही येथे मांडीत आहो.

आणखी एक कारण स्थानिक आहे. आमच्या पवनीहून भिवापूर-उमरेडच्या रस्त्याने निघालेला मनुष्य दोन तासांच्या आत-बाहेर नागपुरास पोहोचतो. आणि नायडू हे नागपूरचे. त्यांचे घराणे मूळचे तेलुगू, पण नागपूरवासी झालेले. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांचा जन्म नागपुरात झाला आणि तेथेच त्यांचे शिक्षण होऊन खेळाचा पाया घातला गेला. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी क्रिकेटचा इतिहास लिहिताना आमच्या बाजूला सहसा एक-दोन ओळींच्या पलीकडे जागा दिलेली नाही. त्या एक-दोन ओळींत नायडूंचे नाव मात्र हटकून असते. परंतु नाव असणे आणि मूल्यमापन होणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणे हे आम्ही आमचे काम समजतो.

नायडूंविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. पहिले भाविकांचे. त्यांच्या मते नायडू म्हणजे षटकार. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी जी खेळी केली तीत त्यांचे सारसर्वस्व आले, आणि पुढचे सर्व आयुष्य म्हणजे त्या एका दिवसाचा पडसाद. दुसरे मत आकडेमोड करणाऱ्यांचे. ते म्हणतात, कसोटी सामने अवघे सात, धावा ३५०, सरासरी २५. यापेक्षा किती तरी अधिक मिळविणारे खेळाडू नंतर झाले, मग एवढा गौरव कशासाठी? आमच्या मते ही दोन्ही मते एकाच चुकीतून निघालेली आहेत. दीर्घ कारकीर्दीचा एखादा तुकडा उचलावयाचा आणि तोच संपूर्ण समजावयाचा, ही ती चूक होय.

पवनीत राहणाऱ्यास ही चूक लवकर ध्यानात यावी. आमच्या गावच्या जगन्नाथ टेकडीचे उत्खनन १९६९-७० साली झाले. तोपर्यंत जी केवळ टेकडी म्हणून ओळखली जात होती, तिच्या पोटातून मोठा बौद्ध स्तूप निघाला. आणि तोही एकदाच बांधून संपलेला नसून पुढच्या काळात वाढविलेला आहे, असे संशोधकांस आढळले. वरचा थर पाहून आतल्याचे मोल ठरविता येत नाही, आणि आतला थर सापडला म्हणून वरचा निरर्थक ठरत नाही. दीर्घ कारकीर्दही अशीच थराथरांनी वाढते. नायडूंच्या कारकीर्दीत आम्हांस असे चार थर दिसतात, आणि त्यांचा विचार क्रमानेच केला पाहिजे.

पहिला थर १९१६ पासून १९३२ पर्यंतचा. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध नायडू प्रथम उतरले तेव्हा संघाचे सात गडी ७९ धावांत बाद झालेले होते. त्यांनी तीन चेंडू शांतपणे अडविले आणि चौथा सीमेपार झुगारला, असे सांगतात. १९२३ साली होळकर संस्थानच्या अधिपतींनी त्यांस इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात स्थान दिले. त्यानंतर १ डिसेंबर १९२६ रोजी आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनी ती प्रसिद्ध खेळी केली: सुमारे दोन तासांत १५३ धावा आणि त्यांत ११ षटकार. त्याच महिन्यात पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनी त्याच संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. या दोन खेळींनी हिंदुस्थानचा संघ कसोटीच्या दर्जाचा होऊ शकतो ही गोष्ट पाहुण्यांस पटली. १९२८ च्या डिसेंबरात नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ साली हिंदुस्थानास पहिला कसोटी सामना मिळाला.

या पहिल्या थराचे खरे मर्म षटकारांच्या संख्येत नाही. परक्या राज्यकर्त्यांच्या खेळात त्यांचे अनुकरण करणे ही तोपर्यंत शिष्याची रीत होती. चेंडू नीट अडवावा, नियम पाळावे, पराभव सभ्यपणे स्वीकारावा, एवढ्यावर आपल्या पुष्कळ खेळाडूंचे समाधान होत असे. नायडूंनी त्या मैदानावर जो भाव आणला तो शिष्याचा नव्हता, बरोबरीच्या माणसाचा होता. तो पाहण्यासाठी लोकांनी झाडांवर आणि छपरांवर गर्दी करावी, यात काही नवल नव्हते. मात्र येथेच भाविक थांबतात. हा थर मोहक आहे, पण तो तरुणपणाचा आहे. आणि तरुणपणी धाडस दाखविणारे अनेक असतात.

दुसरा थर १९३२ ते १९३६ हा. हा सर्वांत लहान आणि आकडेमोड करणाऱ्यांस सर्वांत प्रिय. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधार नायडू होते. दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपनेतृत्व लिंबडीच्या राजपुत्राकडे होते. तथापि प्रत्यक्ष कसोटीच्या वेळी दोघेही बाजूस राहिले आणि संघ नायडूंच्या हाती आला. क्षेत्ररक्षण करताना हातास जखम झालेली असताही पहिल्या डावात त्यांनी ४० धावा केल्या, आणि १८९ धावांच्या त्या डावातील ती सर्वोच्च धावसंख्या होती. त्या संपूर्ण दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा केल्या आणि १९३३ च्या विस्डेन वार्षिकाने त्यांस वर्षाच्या पाच खेळाडूंत स्थान दिले. पुढे १९३३-३४ साली जार्डिन यांच्या संघाविरुद्ध तीन कसोटी सामन्यांत त्यांनी नेतृत्व केले. १९३६ च्या दौऱ्यात मात्र नेतृत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. त्या संघात तट पडले होते. लाला अमरनाथ यांस दौऱ्याच्या मध्येच परत धाडण्यात आले. अशा वातावरणात, ज्या संघाचे आपण काल नेते होतो त्याच संघात साधा खेळाडू म्हणून राहून, नायडूंनी ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत ८१ धावा केल्या. तीच त्यांची शेवटची कसोटी.

आता हिशेब करावा. पहिली कसोटी खेळले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. शेवटची खेळले तेव्हा चाळिशी पार झाली होती. ज्या वयात आजचे खेळाडू निरोपाचे भाषण तयार करतात त्या वयात ज्यास पहिली संधी मिळाली, त्याच्या सरासरीवरून त्याचे मोजमाप करणे म्हणजे उतरत्या उन्हात पडलेल्या सावलीवरून माणसाची उंची मोजण्यासारखे आहे. ही सावली त्याची आहे खरी, पण तिची लांबी वेळेने ठरविलेली आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या विवेचनाचे मर्म त्यातच आहे. १९३६ नंतर नायडूंनी काय करावयास हवे होते? कीर्ती मिळाली होती. देशाच्या संघात पुन्हा स्थान मिळण्याचा संभव वयाने आणि पुढे महायुद्धाने संपविला होता. उत्कर्षाच्या शिखरावर असताना मैदान सोडावे, हा उपदेश आपल्या घरोघरी ऐकू येतो. गवयाने आवाज असेतोवर गावे, नटाने टाळ्या पडत असेतोवर उभे राहावे, पुढे शोभा जाते, असे आपण म्हणतो. हा उपदेश वरवर शहाणपणाचा दिसतो. पण त्याचा अर्थ असा होतो की माणसाची किंमत त्याच्या शिखरापुरती, आणि शिखरानंतर जे उरते ते झाकून ठेवण्याजोगे. नायडूंच्या तिसऱ्या थराने या उपदेशास जे उत्तर दिले आहे, ते आम्हांस निर्णायक वाटते.

हा तिसरा थर होळकर संघाचा. १९४४-४५ पासून १९५२-५३ पर्यंतच्या नऊ वर्षांत नायडूंच्या नेतृत्वाखाली हा संघ आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असा चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या. तेव्हा त्यांस एक्कावन्नावे वर्ष चालू होते. सत्तेचाळीस वर्षांच्या संपूर्ण कारकीर्दीतील त्यांची सर्वोच्च खेळी ही. जिमखान्यावरच्या त्या खेळीनंतर सुमारे वीस हंगाम उलटल्यावर ती झाली, एवढे एकच उदाहरण पहिल्या मताचे खंडन करण्यास पुरेसे आहे.

परंतु आम्ही त्या दोनशे धावांनाही या थराचे सार मानीत नाही. सार आहे ते त्यांनी उभ्या केलेल्या माणसांत. इंदूरचा एक पोरगा त्यांनी लहानपणीच हेरला आणि हाती धरला. तो मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टरला परदेशातील कसोटीत हिंदुस्थानच्या खेळाडूने काढलेले पहिले शतक त्याचे. चंदू सरवटे, नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड आणि नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हे सर्व त्याच छायेत खेळले. महायुद्धाच्या दिवसांत महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन याच संघाकडून १९४४-४५ चा अंतिम सामना खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तो सामना होळकर संघ हरला, पण एका लहान संस्थानच्या संघाने मुंबईस तशी झुंज द्यावी ही गोष्ट पूर्वी कोणी कल्पिली नव्हती. नायडूंनी संघ सोडल्यावर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १९५३-५४ आणि १९५४-५५ अशी लागोपाठ दोन वर्षे होळकर संघ त्यांच्यावाचून अंतिम सामन्यात पोहोचला. कर्ता पुरुष उठून गेल्यावर घर उभे राहते की नाही, यावरून त्याच्या कर्तृत्वाची परीक्षा होते. या परीक्षेत नायडू पूर्णपणे उतरले आहेत.

आमच्या वाचकांपैकी जे पुण्याकडचे असतील ते येथे प्रा. देवधरांचे नाव काढतील, आणि तेही योग्यच आहे. १८९२ साली जन्मलेले हे संस्कृतचे प्राध्यापक. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ साली रणजी करंडक जिंकला, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. त्यांस एकही कसोटी सामना मिळाला नाही. पुढे शंभरी ओलांडून १९९३ साली ते निवर्तले. देवधरांच्या दीर्घतेत अध्यापकाचा सौम्यपणा आहे. नायडूंच्या दीर्घतेत सैनिकाचा करडेपणा. दोघांनीही आपल्या उतारवयाचा उपयोग इतरांस वर आणण्यासाठी केला, हे त्यांतील साम्य आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

करडेपणाचा उल्लेख आला, तेव्हा दोषही सांगितला पाहिजे. टीकेने केवळ आरती करू नये. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसून त्यांचे दात पडले. त्यांनी ते बाजूस सारले आणि खेळ पुढे चालविला, ही गोष्ट सर्वत्र मोठ्या कौतुकाने सांगतात. छप्पन्न वर्षांच्या माणसाचे हे धैर्य वंदनीय आहे, यात संशय नाही. पण दुखापत दाखविणे म्हणजे दुबळेपणा, हा दंडक ते स्वतःप्रमाणेच इतरांसही लावीत. जे स्वतःस सोसते ते सर्वांस सोसलेच पाहिजे, असे मानणाऱ्या वडिलधाऱ्यांचा अनुभव आपल्या कुटुंबांस नवा नाही. त्यांच्या हाताखाली माणसे तयार होतात खरी, पण काही माणसे मनातल्या मनात मिटूनही जातात, आणि त्यांची नोंद कोणत्याही धावफलकावर होत नाही. नायडूंच्या शिस्तीचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जो धाक त्यांनी १९२६ साली आपल्या लोकांच्या मनातून काढून टाकला, त्याचा थोडा अंश पुढे त्यांनीच आपल्या खेळाडूंच्या मनात भरला, असे म्हणणे भाग आहे.

चौथा थर १९५३ नंतरचा. होळकर संघ सोडल्यावर नायडूंनी आंध्रच्या नव्या संघाचे नेतृत्व केले आणि १९५६-५७ साली, एकसष्टी गाठल्यावर, उत्तर प्रदेशाचे. १९५६ सालीच सरकारने त्यांस पद्मभूषण दिले होते. शेवटचा प्रथम श्रेणीचा सामना ते १९६३ साली खेळले. चीनच्या आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी महाराष्ट्राच्या राज्यपालांचा आणि मुख्यमंत्र्यांचा असे दोन संघ नागपुरात खेळले, त्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते. चार वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९६७ रोजी, इंदुरास त्यांचे निधन झाले.

या अखेरच्या वर्षांबद्दल तक्रार अशी की म्हाताऱ्याने तरुणांची जागा अडविली. ती तक्रार आम्ही हलकी समजत नाही. आजही पुष्कळ संस्थांत, मंडळांत आणि मासिकांतही खुर्ची न सोडणाऱ्या वृद्धांमुळे नवे रक्त बाहेर राहते, हे आम्ही पाहतो. पण त्या दोषाची कसोटी वय ही नव्हे. आंध्रच्या कोवळ्या संघास कोणा तरी अनुभवी माणसाची गरज होती; नागपूरचा सामना तर देशकार्यासाठी होता. जागा अडविणे आणि जागा निर्माण करणे यांत भेद केला पाहिजे, आणि तो भेद केला म्हणजे नायडूंची बाजू पुष्कळ स्वच्छ दिसते.

जगात दीर्घ कारकीर्दी आणखीही झाल्या आहेत. इंग्लंडचा डॉ. ग्रेस १८९९ साली पन्नाशी उलटल्यावर शेवटची कसोटी खेळला; तो अखेरपर्यंत ग्रेसच राहिला. विल्फ्रेड ऱ्होड्स प्रथम गोलंदाज म्हणून आला, पुढे सलामीचा फलंदाज झाला, आणि १९३० साली बावन्नाव्या वर्षी पुन्हा गोलंदाज म्हणून खेळला. त्याने स्वतःस बदलून आयुष्य वाढविले. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या खास फुटबॉलमध्ये ब्रेंट हार्वे याने १९९६ ते २०१६ अशी एकवीस वर्षे एकाच नॉर्थ मेलबर्न संघासाठी ४३२ सामने खेळले; त्या रांगड्या खेळात शरीर इतकी वर्षे टिकावे हेच आश्चर्य. नायडूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी आहेत. तरी त्यांची दीर्घता या तिघांहून निराळी, कारण तिची फळे बऱ्याच अंशी दुसऱ्यांच्या नावावर जमा झाली.

याचा एक ताजा पडताळा आमच्या विदर्भानेच दिला आहे. मुंबईकडून पुष्कळ वर्षे खेळलेला वसीम जाफर २०१५ साली विदर्भाकडे आला. त्याची चाळिशी जवळ आली असता, १ जानेवारी २०१८ रोजी, फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. तो अंतिम सामना झाला इंदुरास, होळकरांचे नाव धारण करणाऱ्या मैदानावर. पुढच्या वर्षी करंडक पुन्हा मिळाला. २०२० साली जाफर निवृत्त झाला. आणि २०२४-२५ साली विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला तेव्हा तो संघात नव्हता. जुना खेळाडू असताना मिळालेल्या यशापेक्षा तो गेल्यावर मिळालेले हे यश आम्हांस अधिक बोलके वाटते.

सारांश, नायडूंची कारकीर्द ही एका तेजस्वी दिवसाची लांबलेली संध्याकाळ होती, हे मत आम्हांस मान्य नाही. आणि ती अल्प सरासरीची होती हे मत तर विचारात घेण्याजोगेही नाही. १९२६ ची खेळी ही तिची प्रस्तावना, १९३२ ते १९३६ हे तिचे अर्धवट राहिलेले प्रकरण, आणि इंदूरची वर्षे हाच तिचा मुख्य ग्रंथ होय. या ग्रंथात कठोरपणाचा दोष आहे, तो झाकू नये. तथापि आमच्या भागातील पालकांनी आपल्या मुलांस नायडूंची गोष्ट सांगताना षटकारांपाशी न थांबता तेथून पुढे वीस वर्षे चालत जावे, आणि पन्नाशीतला तो मनुष्य तरुणांच्या मेळ्यात काय करीत होता ते दाखवावे. आपल्या घरातील वडील माणसांविषयी, आणि पुढे स्वतःच्या उतारवयाविषयीही, विचार करण्यास त्याचा उपयोग होईल.